खडूची सातवी खूण

त्याला सगळी गॅरेजची गल्ली मखमल म्हणायची. खरं नाव फक्त बँकेला ठाऊक. धंद्याने तो डेंटर, म्हणजे ठोकर बसलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करणारा. अंगाने दणकट, बोटं जाडजूड, आणि आवाज असा की शेजारच्या टायरवाल्याने त्याला एकदा हात जोडून विचारलं होतं, एवढ्या आवाजात बोलायचं तर मग फोन कशाला बाळगतोस. पण याच माणसाने चेपलेल्या दारावरून शेवटचा पॉलिश पेपर फिरवला की त्या दारावर माशी बसली तर घसरून पडावी.

‘आपल्या कामावर लोहचुंबक चिकटतं’ हे त्याचं ब्रीद होतं. त्याचं असं आहे, की आळशी डेंटर पत्रा ठोकून वर काढत नाही, खड्ड्यात पुट्टी भरतो आणि वरून रंग मारतो. दिसायला सगळं छान. पण पुट्टीच्या थरावर चुंबक धरत नाही, खाली पडतं. मखमलने गॅरेजमध्ये खिळ्याला एक चुंबक टांगूनच ठेवलं होतं. काम झालं की गिऱ्हाइकाच्या हातात ते द्यायचं आणि म्हणायचं, लावा कुठे लावायचं तिथे. इतक्या वर्षांत ते एकदाही पडलं नव्हतं.

अर्थात चुंबकाच्या आधी एक परीक्षा असायची आणि ती घ्यायची त्याची बायको. गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांतच त्यांचा संसार. काम संपलं की तो मागच्या दाराकडे तोंड करून “अगं ए” म्हणायचा. ती ओले हात पुसत यायची, डोळे मिटायची आणि गाडीवरून सावकाश तळवा फिरवायची. तांदळातला खडा, पोरांचा ताप आणि नवऱ्याची थाप, या तीन गोष्टी तिला नुसत्या हाताला कळायच्या. त्या वेळात मखमलने गाडीकडे पाठ करून उभं राहायचं, असा नियम होता, कारण तिचा चेहरा दिसला की तो वाद घालायला लागायचा. जिथे हात अडेल तिथे ती खडूने फुली मारायची आणि काही न बोलता परत चुलीपाशी जायची.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्याने एकदा फुलीवर वाद घातला होता. इथे काही नाही, तुझ्या मनाचे खेळ आहेत, वगैरे. आठव्या दिवशी गिऱ्हाईक परत आलं आणि रंग बरोबर त्या फुलीच्या जागी तडकलेला होता. तेव्हापासून खडूची खूण म्हणजे देवाची आज्ञा. विचारायचं नाही, बघायचं नाही, घासायचं, भरायचं आणि मोकळं व्हायचं.

अशा या मखमलला गल्लीत मान होता, गिऱ्हाइकांत नाव होतं, आणि जगात एकच माणूस असा होता की ज्याने त्याच्या कामाला कधी बरं म्हटलं नव्हतं. तो म्हणजे बायकोचा थोरला भाऊ.

दादा शाळेत मुख्याध्यापक. लग्न ठरत होतं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, मुलगा करतो काय. कुणीतरी सांगितलं, गाड्यांचा पत्रा ठोकतो. तर दादा म्हणाले, “म्हणजे आवाज करतो.” बहीण हट्टाला पेटली म्हणून लग्न झालं, पण ते वाक्य मखमलच्या मनात चोवीस वर्षं तसंच रुतून बसलेलं. दादांच्या घराला त्याने स्वतःच्या हाताने लोखंडी फाटक करून दिलं, तर दादा म्हणाले, जरा उंच झालं. त्यांच्या गाडीचा मडगार्ड असा नवा करून दिला की कंपनीवाल्याने चकावं, तर दादा चष्मा पुसत म्हणाले, ठीक आहे. शाळेत तर त्यांची ख्यातीच होती. निबंधाला चौसष्टच्या वर मार्क त्यांनी उभ्या नोकरीत कुणाला दिले नव्हते. म्हणायचे, शंभर देवाचे, नव्वद ग्रंथांचे, ऐंशी माझे, त्याखाली तुमचं तुम्ही बघा.

या चौसष्टचा राग मुलं काढायची ती दादांच्या गाडीवर. परीक्षेचे पेपर मिळाले की दुसऱ्या दिवशी दाराच्या कुलपात काडी मोडून घातलेली असायची. कधी काडी, कधी च्युइंगम, एकदा तर मेण. तीन वेळा कुलपं बदलून झाली. निवृत्तीला तीन महिने उरले असताना दादा गाडी घेऊन मखमलकडे आले आणि दारातूनच म्हणाले, “जावईबापू, या दाराला भोकच नको.”

असली कामं त्याला नवी नव्हती. हौशी पोरं यायची. दारांवरची आणि डिकीची किल्लीची भोकं काढून टाकायची, तिथला पत्रा एकसंध करायचा, गाडी उघडायची ती फक्त हातातल्या रिमोटच्या बटणाने. अशा अकरा गाड्या त्याने केल्या होत्या. पण ही बारावी दादांची होती, आणि दादा स्वतः तिच्यात बसून, स्वतः तिच्यावर हात ठेवून रोज शाळेत जाणार होते. मखमलने मनात ठरवलं, यावेळी त्या माणसाच्या तोंडून एक चांगला शब्द काढून घ्यायचाच. जास्त नको, एक.

त्याने दारं आतून उघडून कुलपांच्या नळ्या काढल्या. भोकांच्या कडा उजळ होईपर्यंत घासल्या. त्याच जाडीच्या पत्र्यातून नाण्याएवढ्या चकत्या कापल्या आणि कानसून कानसून अशा बसवल्या की फटीत केस जाऊ नये. मग वेल्डिंगचा एक टाका वर, एक खाली, मध्ये थांबायचं, पत्र्याला हात लावून तो थंड झाला का बघायचं, मग एक डावीकडे, एक उजवीकडे. घाई केली की पत्रा तापतो, आणि तापलेला पत्रा रुसलेल्या पाहुण्यासारखा पोट पुढे काढून बसतो, पुन्हा जागेवर जात नाही. एरवी एका दिवसात होणारं काम त्याने सहा दिवस पुरवलं. टायरवाला म्हणाला, अरे गाडी आहे ती, मुलगी नाही सासरी पाठवायची.

या कामात मखमलची एक गुप्त सोय असायची. भोक बंद केलं आणि गाडीची बॅटरी उतरली तर रिमोट मुका होतो, गाडी उघडणार कशी? बॅटरीला हात घालायचा तर बॉनेट उघडायला लागतं, आणि बॉनेटचा खटका गाडीच्या आत. म्हणून तो कुठेतरी न दिसेल अशा जागी पोलादी तारेचं टोक बाहेर काढून ठेवायचा. टोकाला वाटाण्याएवढी गाठ. ती ओढली की आतली खिट्टी सुटायची. जागा प्रत्येक गाडीत वेगळी, कारण एकीची कळली की सगळ्यांची कळली. गाडी देताना तो मालकाला कोपऱ्यात न्यायचा आणि आवाज शक्य तितका लहान करून, म्हणजे फक्त टायरवाल्यापर्यंत जाईल इतपत, ती जागा सांगायचा. दादांच्या गाडीत ती तार ड्रायव्हरच्या दाराच्या खालच्या कडेला, आतल्या अंगाने निघाली होती.

रंग झाला, चकाकी आली, आणि मखमलने “अगं ए” म्हणून पाठ फिरवली.

बायकोने त्या दिवशी नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लावला. गाडी तिच्या भावाची होती आणि भाऊ तिला चांगला माहीत होता. एरवी ती दाराच्या वरचा भागच तपासायची. त्या दिवशी मात्र तिने मनाशी म्हटलं, आमचा दादा वाकून बघणारा माणूस आहे, आणि ती उकिडवी बसून दाराच्या खालूनही हात फिरवू लागली. एरवी दोन, फार तर तीन खुणा निघायच्या. त्या दिवशी सात निघाल्या. सातवी फुली नव्हतीच, दारावर खालच्या दिशेने काढलेला बाण होता.

मखमलने सात खुणा मोजल्या, एक सुस्कारा सोडला आणि पुट्टी कालवली. पुट्टीत एकदा हार्डनर पडला की आठ-दहा मिनिटांत तिचा दगड होतो, विचार करत बसायला सवड नसते. पहिल्या सहा जागी नखभरसुद्धा नको होती, नुसता हात मारला. सातव्या जागी तो बाणाप्रमाणे खाली वाकला, बोटाला काहीतरी टेंगूळ लागलं, ते त्याने अंगठ्याने आत दाबलं, उरलेली सगळी पुट्टी वर थापली, घासली आणि पुन्हा रंग मारला. मनात त्या वेळी दादा गाडीभोवती फिरत होते आणि म्हणत होते, वा जावईबापू. आपण काय बुजवतोय हे बघायला तिथे होतं कोण?

दादा दुसऱ्या दिवशी आले. गाडीभोवती खरंच एक फेरी मारली. कुलपाच्या जागेशी थांबले, पुढे गेले. दादा आत बसले, मागे पाहायच्या आरशात डोकावले आणि म्हणाले, “आरसा पुसला नाही वाटतं.”

मखमलला इतकं लागलं की कोपऱ्यात नेऊन सांगायची गोष्ट त्याने सांगितलीच नाही. जेव्हा अडेल तेव्हा येईल विचारायला, असं म्हणून तो गप्प बसला. बायकोलाही बोलला नाही. रागात गिळलेला शब्द कधीतरी घशात अडकतोच, पण ते तेव्हा कुणाला कळतं?

तीन महिन्यांनी दादांच्या निवृत्तीचा समारंभ आला. सकाळी अकराची वेळ. शाळा मखमलच्या गल्लीपासून जवळ, म्हणून दादांनी बहिणीला आणि मेहुण्याला सोबत न्यायचं ठरवलं आणि नऊ वाजताच गॅरेजसमोर येऊन थांबले. बहीण आत आवरत होती. दादांनी इंजिन बंद केलं, पंखा तेवढा चालू ठेवला आणि गाडीत बसून भाषणाचा सराव सुरू केला. दिवेही चालू राहिले होते, तिकडे लक्ष कोणाचं? तासाभराने भाषण बसलं. तेव्हा ते उतरले, रिमोटचं बटण दाबलं, गाडीने कसंबसं ‘टक’ केलं, आणि दादा तोंड धुवायला गॅरेजच्या नळावर गेले. चूळ भरून गाडीपाशी परत आले, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. गाडी ढिम्म.

मखमल नवा शर्ट घालून बाहेर आला तेव्हा दादा रुमालाने तोंड झाकून उभे होते आणि काचेकडे बोट दाखवत होते. त्याने आत पाहिलं. पुढच्या फळीवर एक छोटी डबी उघडी पडली होती आणि डबीतून बत्तीस दात त्याच्याकडे बघून हसत होते.

नवी कवळी होती. हिरड्यांना टोचायची म्हणून दादा अधूनमधून तिला विश्रांती द्यायचे. घरात त्यांच्या बायकोखेरीज कुणाला पत्ता नव्हता, सख्ख्या बहिणीलाही नाही. आणि आता पन्नास मिनिटांनी सगळ्या शाळेसमोर, ज्यांनी काड्या घातल्या त्या सगळ्यांसमोर, त्यांना पाऊण तास बोलायचं होतं.

दादा तोंड उघडायला तयार नव्हते. त्यांनी खुंटीवरच्या डब्यातला बहिणीचा खडू घेतला आणि गॅरेजच्या शटरवर, फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरांत लिहिलं, ‘बॅटरी.’

खरं सांगायचं तर मखमलला पहिल्यांदा आनंदच झाला. चोवीस वर्षांत दादा पहिल्यांदा त्याच्यावाचून अडले होते. त्याने हाताने धीर धरा अशी खूण केली आणि म्हणाला, एक गुप्त सोय केलेली आहे. नव्या शर्टासकट तो फरशीवर आडवा झाला, दाराखाली हात घातला आणि चाचपू लागला. एकदा चाचपलं. दोनदा चाचपलं. मग तो दुसऱ्या दाराकडे गेला. सगळीकडे मखमल.

दादांनी लिहिलं, ‘सोय कुठे आहे?’ थोड्या वेळाने त्याखाली लिहिलं, ‘मला का सांगितली नाही?’

“त्या दिवशी तुम्ही आरशाचं बोललात,” मखमल गाडीखालून म्हणाला.

मग बंद काचेच्या फटीतून पट्टी घालायची जुनी युक्ती करून पाहिली, तर चोरांनी तसं करू नये म्हणून मखमलनेच आतून पत्रा लावून ठेवला होता. साडेदहाला बायको आवरून बाहेर आली. तिने आत वाकून पाहिलं, डबी पाहिली, भावाच्या रुमालाकडे पाहिलं, आणि पटकन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. सावरल्यावर ती वळली आणि नवऱ्याला विचारलं, तार कुठे काढली होती. त्याने सांगितलं.

“अहो, तिथे मी बाण काढला होता. वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागलं होतं.”

मखमलच्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख उभं राहिलं. बाण, टेंगूळ, अंगठा, आणि उरलेली सगळी पुट्टी. बायकोने शोधलेली आपलीच तार आपण आपल्याच हाताने गाडून टाकली होती, आणि वर तिच्यावर चकाकीही मारली होती.

दादांनी लिहिलं, ‘काच फोडा.’

मखमलने हातोडी उचलली. मनात आलं, हेच बरं. दादा स्वतः सांगतायत. काच काय, दुपारपर्यंत नवी बसेल. पुट्टीचं कुणाला कळणार नाही. बायको कुणाला सांगणार नाही. ब्रीद शाबूत राहील. त्याने हातोडी खांद्यापर्यंत नेली आणि त्याची नजर पुन्हा त्या उघड्या डबीकडे गेली. काच फुटली की चुरा नेमका तिच्यात पडणार. दादांच्या तोंडात काचा भराव्यात असा विचार चोवीस वर्षांत दोन-तीनदा त्याच्या मनात येऊन गेला होता, नाही असं नाही. पण मनात येणं निराळं आणि हातून होणं निराळं. देव माणसाला अशा वेळी अगदी उघड्या डबीतून बघत असतो.

त्याने हातोडी खाली ठेवली. खिळ्यावरचं चुंबक काढलं आणि पुन्हा दाराखाली आडवा झाला.

चुंबक कडेला चिकटलं, त्याने ओढून पुढे नेलं, पुन्हा चिकटलं. टक. टक. टक. दादा गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते, बहीणही वाकली होती, आणि टायरवाला काहीच काम नसल्यासारखा येऊन तोही वाकला होता. वीतभर, दोन वीत. आणि मग चुंबकाने हात सोडला आणि ते मखमलच्या नाकावर आपटलं.

गल्लीत सगळ्यांनी ते ऐकलं. मग दाराखालून त्याचा आवाज आला, आणि टायरवाला पुढे महिनाभर सांगत होता की एवढा लहान आवाज या माणसाजवळ आहे हे मला माहीतच नव्हतं.

“दादा, इथे पुट्टी आहे. नुसती पुट्टी. मीच भरली.”

त्याने पेचकस घातला आणि स्वतःची चकाकी स्वतःच खरवडली. रंग निघाला, पुट्टीचा ढपला निघाला, भोकातून तारेची गाठ हाताशी आली. ओढली. आत खिट्टी सुटल्याचा आवाज आला आणि दार उघडलं.

दादा आत गेले, सगळ्यांकडे पाठ केली आणि जेव्हा वळले तेव्हा पुन्हा मुख्याध्यापक झाले होते. घड्याळात पावणेअकरा होत होते. टायरवाल्याने दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडली, इंजिन सुरू झालं. मखमल पांढऱ्या पुट्टीने माखलेला शर्ट झटकत बाजूला उभा होता. तो आता काय ऐकायला मिळणार त्याची वाट बघत होता. काहीही ऐकायची त्याची तयारी होती, आरशाचंसुद्धा.

दादा गाडीत बसले नाहीत. ते दारापाशी उभे राहिले, हँडलच्या शेजारी, जिथे पूर्वी किल्लीचं भोक होतं. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि बहीण फिरवायची तसा तळवा दारावर ठेवला. वर नेला, खाली नेला, पुन्हा वर. बोटांनी चाचपलं.

“कुठे होतं?” ते म्हणाले.

मखमलला आधी कळलंच नाही की हे त्याला विचारलंय. बायको म्हणाली, मलाही सापडलं नव्हतं, दादा. दादांनी आणखी एकदा हात फिरवला, मग मान हलवली आणि चष्मा लावला.

मखमल घाईघाईने म्हणाला की खालचं भोक आज संध्याकाळीच नीट करून देतो, पत्र्याने, पुट्टी अजिबात नाही.

“नको,” दादा म्हणाले. “ते राहू दे तसंच. मला वाकून बघायची सवय आहे.”

गाडीत बसण्याआधी त्यांना काहीतरी आठवलं. ते शटरकडे गेले, आपलं लिहिलेलं सगळं तळहाताने पुसून टाकलं, कारण फळा तसाच सोडून जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मग कोपऱ्यात दोन आकडे लिहिले आणि खडू जागेवर ठेवला.

पासष्ट.

टायरवाल्याला त्यातलं काही समजलं नाही. बहिणीला समजलं आणि ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, पण यावेळी खांदे वेगळ्या कारणाने हलत होते.

समारंभ छान झाला. दादांचं भाषण पाऊण तासाऐवजी सव्वा तास चाललं आणि त्यात एकही दात टोचल्यासारखं वाटलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर मखमलने शर्टसुद्धा बदलला नाही. फवाऱ्याची बंदूक काढली, आणि दुरून, अगदी पातळ, खडू उडू नये म्हणून श्वास धरून, त्या दोन आकड्यांवर पारदर्शक लॅकरचा एक हात मारला. वाळल्यावर दुसरा. मग मागच्या दाराकडे तोंड करून “अगं ए” म्हणाला आणि पाठ करून उभा राहिला.

बायकोने हात पुसले, डोळे मिटले आणि शटरवरून तळवा फिरवला.

“अहो, इथे हाताला लागतंय.”

“असू दे,” मखमल म्हणाला.